एक हंगाम, चार प्रशिक्षक: यूएससी ट्रोजन्स २०१३, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या फुटबॉल प्रशिक्षकाला भर हंगामात नारळ मिळतो आणि माझ्या फोनवर मेसेज यायला लागतात: "ते विमानतळावरचं प्रकरण तुमच्याच कॉलेजचं ना रे?" हो, आमच्याच. फुटबॉल संघाच्या (त्याचं नाव ट्रोजन्स) मुख्य प्रशिक्षकाला विमानतळावरच काढून टाकलं होतं. २०१३ साली मी लॉस एंजेलिसला, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात, म्हणजे यूएससीत, एमएस करत होतो. आमच्या वर्गात पुण्या-मुंबईची इतकी पोरं होती की पहिला महिनाभर मराठीतच भागलं. फुटबॉलचं मात्र कुणालाच काही कळत नव्हतं. जे कळलं ते त्या एका हंगामात. पुण्याचे मित्र, ह्यूस्टनची मावसबहीण आणि कोल्हापूरचे सासरे यांनी गेल्या काही वर्षांत विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हातात चेंडू घेऊन पळतात, त्याला फुटबॉल का म्हणायचं?

हा सासऱ्यांचा प्रश्न. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत वाढलेल्या माणसाला मी याचं समाधानकारक उत्तर देऊ शकलेलो नाही. नाव सोडून द्या. खेळापुरतं इतकंच लक्षात ठेवा: चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि पुढची चाल बाहेरून, प्रशिक्षकांकडून येते.

आपल्याकडे क्रिकेटचा प्रशिक्षक बाल्कनीत बसलेला असतो, निर्णय कर्णधाराचे. इथे जवळपास प्रत्येक चालीवर प्रशिक्षकाची सही असते. म्हणून हरल्यावर शिव्याही त्यालाच.

यूएससी एवढं मोठं नाव आहे का?

आहे. त्यांचं घरचं मैदान म्हणजे लॉस एंजेलिस मेमोरियल कोलिझियम, १९३२ आणि १९८४ च्या ऑलिंपिकचं मुख्य स्टेडियम. पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं ते याच मैदानावर. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला फुटबॉलच्या आधी तेच आठवलं.

पीट कॅरल २००१ ते २००९ इथे मुख्य प्रशिक्षक होते. त्या काळात यूएससीचा संघ देशात दरारा असलेला संघ होता. या गोष्टीतली तीन मुख्य पात्रं कॅरल यांच्याच हाताखालची: लेन किफिन आणि स्टीव्ह सार्किशियन आक्रमणाकडे, एड ओर्जरॉन बचावफळीकडे. एका घराण्याचे तीन शिष्य म्हणा. पुढचं नाट्य बरंचसं घरातलंच आहे.

शिक्षा झाली होती म्हणतात, ती कसली?

रेजी बुश हा यूएससीचा अफलातून खेळाडू. तो कॉलेजात असताना त्याने आणि त्याच्या घरच्यांनी बाहेरच्या लोकांकडून पैसे आणि सवलती घेतल्या, असा ठपका आला. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने जून २०१० मध्ये निकाल दिला: दोन वर्षं हंगामानंतरचे 'बोल' सामने बंद, डिसेंबर २००४ पासून बुश खेळलेल्या सामन्यांतले विजय रद्द आणि तीन वर्षांत मिळून ३० शिष्यवृत्त्या कापल्या.

यातला शेवटचा भाग सगळ्यात जास्त लागला. बाकीचे संघ ८५ शिष्यवृत्तीधारक खेळाडू ठेवू शकत, यूएससीला मर्यादा ७५. त्यातून दुखापती वजा करा. हाणामारीच्या या खेळात राखीव फळी पातळ असली की ऑक्टोबर उजाडेपर्यंत संघाला धाप लागते. बुश केव्हाच व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला होता, कॅरलही सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले होते. शिक्षा भोगली ती त्या वेळी शाळेत असलेल्या मुलांनी. २०१३ चा हंगाम समजून घ्यायचा तर हे आधी डोक्यात पक्कं हवं.

किफिन एवढा वाईट प्रशिक्षक होता का?

नाही, पण लोकांना तो आवडत नव्हता हे खरं. एकतिसाव्या वर्षी ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक, तिथून हकालपट्टी. मग टेनेसी विद्यापीठात एकच हंगाम, आणि यूएससीचं बोलावणं येताच तो रातोरात निघाला. तिथल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून संताप काढला होता. चढत्या वयात सगळं फार लवकर मिळालेल्या माणसाचा एक अलिप्तपणा असतो, तो त्याच्यात होता. डोक्यावर व्हायझर, तोंडासमोर हॉटेलच्या मेन्यूएवढा चालींचा तक्ता. आक्रमणाच्या चाली तो स्वतः सांगायचा, त्यामुळे चाल फसली की ढकलायला दुसरं कुणी नसायचं.

२०११ मध्ये, बोलबंदी असतानाही, त्याच्या संघाने १० सामने जिंकले आणि २ हरले. त्या जोरावर २०१२ चा हंगाम सुरू होण्याआधी एपी या वृत्तसंस्थेच्या देशभरातल्या संघांच्या क्रमवारीत यूएससी पहिली होती. हंगाम संपला तेव्हा हिशेब ७ विजय, ६ पराभव. खरं तर तेव्हाच त्याचे दिवस भरले होते. २०१३ ची सुरुवात ही फक्त मुदतवाढ.

मग २०१३ मध्ये नेमकं काय बिघडलं?

पहिला सामना हवाईत, ३०-१३ ने जिंकला. दुसरा घरच्या मैदानावर, वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध, ७-१० ने हरला. आकड्यावरून वाटतं त्याहूनही आमचा खेळ वाईट होता, कारण अख्ख्या सामन्यात यूएससीला २०० यार्डही जमवता आले नाहीत. कोलिझियममध्ये किफिनला काढा अशा घोषणा सुरू झाल्या. आम्ही नवखे होतो, घोषणा चालल्यात म्हणून आम्हीही दिल्या. नंतर जरा ओशाळल्यासारखं झालं.

बॉस्टन कॉलेजला ३५-७ आणि युटा स्टेटला १७-१४ असं हरवून किफिन जेमतेम सावरला. मग २८ सप्टेंबरला अ‍ॅरिझोना स्टेटने ६२-४१ असं धुतलं. आदल्या वर्षी ओरेगननेही बरोबर ६२ गुणच चढवले होते. शिवाय संघाचा सगळ्यात चांगला खेळाडू मार्कीस ली याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर पडला.

धावपट्टीवर काढून टाकलं हे खरं आहे का?

जवळपास. दंतकथेत धावपट्टी आहे, प्रत्यक्षात ती विमानतळावरची एक छोटी खोली होती. संघाचं विमान मध्यरात्र उलटून गेल्यावर लॉस एंजेलिसला उतरलं. क्रीडा संचालक पॅट हेडन यांनी किफिनला संघाच्या बसमधून खाली बोलावलं, त्या खोलीत नेलं आणि पहाटे तीनच्या सुमारास सांगितलं की संपलं. तो बराच वेळ विनवण्या करत राहिला. दरम्यान बस मुलांना घेऊन कॅम्पसकडे निघून गेली. साडेतीन वर्षांत २८ विजय आणि १५ पराभव, आणि परत जायला बससुद्धा नाही.

हेडन म्हणजे कुणी कारकुनी वृत्तीचे अधिकारी नव्हेत. ते स्वतः यूएससीचे माजी क्वार्टरबॅक (चाली खेळवणारा आणि पास देणारा खेळाडू), वर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले. संघाची बेअब्रू त्यांना व्यक्तिशः लागत असणार. निर्णय बरोबर होता असंच मला वाटतं. पण सकाळ होईपर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

हा ओर्जरॉन कोण, आणि त्याने असं काय केलं?

मराठीत 'हंगामी' हा शब्द फार सोयीचा आहे. हंगामी म्हणजे तात्पुरता, आणि हंगामी म्हणजे हंगामापुरता. एड ओर्जरॉन दोन्ही अर्थांनी हंगामी प्रशिक्षक होता.

लुइझियानाच्या दलदलीच्या भागातल्या लारोझ गावचा हा केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच मुळाच्या समाजातला, गडी. छाती पिंपाएवढी, आवाज घशात खडी भरल्यासारखा. पहिल्यांदा त्याची मुलाखत ऐकली तेव्हा इंग्रजी असूनही मला सबटायटल लागतील असं वाटलं. बचावफळीचा उत्तम शिक्षक आणि खेळाडू हेरून आणण्यात वस्ताद, पण मुख्य प्रशिक्षक म्हणून पाटी डागाळलेली: २००५ ते २००७ मध्ये ओल मिस विद्यापीठात १० विजय, २५ पराभव. तेव्हा तो सगळ्यांवर सतत ओरडायचा, सगळं स्वतःच करायला जायचा. हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं आहे.

यूएससीत तो नेमका उलटा वागला. आक्रमणाच्या चाली त्याने क्ले हेल्टनवर सोपवल्या, बचाव क्लॅन्सी पेंडरगास्टवर, आणि स्वतः मुलांच्या मनाकडे वळला. जेवणात कुकीज परत आणल्या. हो, कुकीजची गोष्ट खरी आहे. किफिनच्या काळात गोडधोड बंद होतं, ओर्जरॉनने पहिल्या काही दिवसांतच ते सुरू केलं. त्यावर ढीगभर लिहिलं गेलं. आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये रविवारी श्रीखंड दिल्यावर पोरांचे चेहरे कसे व्हायचे हे आठवलं, तर त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. दुसऱ्याच्या पापासाठी तीन वर्षं उपास घडलेल्या वीस वर्षांच्या पोरांना पहिल्यांदा कुणीतरी वाढून घ्या म्हणालं.

निकालांत फरक पडला का?

आठ सामने, सहा विजय. अ‍ॅरिझोनावर ३८-३१. नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध त्यांच्या गावी, साउथ बेंडला, १०-१४ असा पराभव, त्यात किकर (चेंडू दोन खांबांमधून मारून गुण मिळवणारा) आंद्रे हायदारीच्या दोन किक हुकल्या. हे नाव लक्षात ठेवा. युटावर १९-३. कॉर्वालिसला ओरेगन स्टेटवर ३१-१४, तिथे २००४ नंतर यूएससी जिंकलीच नव्हती. कॅलिफोर्नियावर ६२-२८, त्यात नेल्सन अ‍ॅगॉलरने समोरच्यांनी लांब मारून दिलेला चेंडू (पंट) पकडून दोनदा थेट टचडाउन केलं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला.

मग १६ नोव्हेंबर. स्टॅनफर्ड, पहिल्या पाचातला संघ, आणि आम्ही त्यांच्याकडून सलग चार वर्षं हरलेलो. रात्रीचा सामना, कोलिझियम गच्च. मी विद्यार्थ्यांच्या बाकांवर, बाजूला एक नागपूरचा मित्र, ज्याला तोवर फक्त टचडाउन एवढंच कळायचं. १७-१७ बरोबरी. शेवटची तीनेक मिनिटं उरली असताना सुआ क्रेव्हन्सने स्टॅनफर्डचा पास मधेच पकडला. काही चालींनंतर चौथा प्रयत्न आला, हवे होते दोन यार्ड. शहाणा माणूस इथे चेंडू लांब मारून देतो. ओर्जरॉनने खेळायचं ठरवलं. कोडी केस्लरने पास दिला तो मार्कीस लीला, पुरेशी बरी न झालेली दुखापत घेऊन खेळणाऱ्या लीला, आणि त्याने तो पकडला. मग १९ सेकंद उरले असताना ४७ यार्डांवरून किक मारायला आला तोच हायदारी.

चेंडू दोन खांबांमधून गेला. २०-१७. पुढच्या मिनिटाला आम्ही हजारो जण कठडे ओलांडून मैदानात होतो. नागपूरकराची एक चप्पल त्या गवतावर राहिली. खेळ बघायला चप्पल घालून कोण जातं, हा वेगळा प्रश्न.

त्यानंतर कोलोरॅडोच्या गोठवणाऱ्या थंडीत ४७-२९ असा विजय. आणि शेवटी घरच्या मैदानावर, गावातल्याच यूसीएलएकडून १४-३५ असा सपाटून मार.

सहा सामने जिंकूनही त्याला कायम का केलं नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यावर आमच्या ग्रुपवर अजून भांडणं होतात.

विद्यापीठाच्या बाजूने बघा. हरलेले दोन सामने म्हणजे नोत्र दाम आणि यूसीएलए, यूएससीचे दोन सगळ्यात कट्टर वैरी. माजी विद्यार्थ्यांच्या हिशेबात ते दोन सामने बाकीच्या सगळ्यांइतके जड. शिवाय ओल मिसचा तो १०-२५ चा डाग. २ डिसेंबरला हेडन यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातून स्टीव्ह सार्किशियनला आणलं. तिथे एकही सामना न जिंकलेला संघ त्याने उभा केला होता, हे श्रेय द्यायलाच हवं. पण त्यानंतर सलग तीन वर्षं ७ विजय आणि ६ पराभव, इतके नेमाने की त्याला 'सात विजयांचा स्टीव्ह' म्हणून चिडवायचे.

म्हणजे ज्याने याच मुलांना घेऊन दोन महिन्यांत सहा सामने जिंकून दाखवले तो नको, आणि ज्याचा कागद बरा दिसतो तो हवा. ऑफिसात प्रभारी म्हणून दोन वर्षं काम ओढणाऱ्याला बाजूला सारून बाहेरून साहेब आणतात, त्यातलाच हा प्रकार. मी ओर्जरॉनच्या बाजूचा आहे, लपवत नाही. यूसीएलएच्या सामन्यात त्याच्या संघाची दमछाक झाली होती, हेही तितकंच खरं. पण ती दमछाक ७५ च्या मर्यादेने लिहून ठेवलेली होती.

सार्किशियनला त्याला सहकारी म्हणून ठेवायचं होतं. ओर्जरॉनने त्याच दिवशी संघाची बैठक घेतली, निरोप घेतला आणि राजीनामा दिला. खोलीत मुलं रडली.

मग उरलेला सामना कोणी सांभाळला?

क्ले हेल्टनने. सार्किशियन नेमला गेला होता, पण लास व्हेगास बोल हेल्टनच्या ताब्यात दिला. २१ डिसेंबर, समोर फ्रेस्नो स्टेट, एकच सामना हरलेला संघ, क्वार्टरबॅक डेरेक कार. सगळ्यांना वाटलं की तिसरा प्रशिक्षक, मोडलेलं मन, आता पोरं हात टेकणार. मध्यंतरालाच ३५-६ होतं. शेवट ४५-२०. केस्लरचे चार टचडाउन पास.

पण चार प्रशिक्षक कसे? तीनच दिसतात.

मैदानावर तीन: किफिन (३ विजय, २ पराभव), ओर्जरॉन (६-२), हेल्टन (१-०). चौथा सार्किशियन, पदावर आलेला पण त्या हंगामात एकही चाल न सांगितलेला. एकूण १० विजय, ४ पराभव. सामने चौदा कसे, असं मावसबहिणीने विचारलं होतं. हवाईला खेळायला जाणाऱ्या संघाला एक जादा सामना खेळायची सवलत असते, म्हणून.

मुलं सोडून दुसऱ्या कॉलेजात का गेली नाहीत?

तेव्हा ते सोपं नव्हतं. कॉलेज बदललं की साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. प्रशिक्षक मात्र सकाळी एका गावात राजीनामा देऊन संध्याकाळी दुसऱ्या गावात पत्रकार परिषद घेऊ शकायचा. पैशांचंही तेच. अनेक राज्यांत सरकारी पगारदारांत सगळ्यात जास्त पगार कॉलेजच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाला असतो, आणि खेळाडूला तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायची बंदी होती.

आता चित्र उलटं आहे. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे कमावू शकतात, कॉलेज बदलून लगेच खेळू शकतात, आणि प्रशिक्षक गेला की त्यांना बदलीसाठी खास मुदत मिळते. २०१३ सारखा प्रकार आज झाला तर डिसेंबरपर्यंत निम्मा संघ तरी उरेल का, शंकाच आहे. म्हणजे त्या हंगामाची एकी थोडी नाइलाजाचीही होती. मला हे मान्य करायला आवडत नाही.

आणि हो, ज्या पैशांवरून हे रामायण घडलं त्यातले बरेच व्यवहार आज नियमात बसवता येतात. बुशने परत केलेली हाइजमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा मान) २०२४ मध्ये त्याला परत मिळाली. शिष्यवृत्त्या कुणालाच परत मिळाल्या नाहीत.

पुढे या सगळ्यांचं काय झालं?

सार्किशियनला ऑक्टोबर २०१५ मध्ये भर हंगामात काढलं, दारूच्या व्यसनाच्या कारणावरून. त्या हंगामातला हिशेब तेव्हा किती होता? ३ विजय, २ पराभव, अगदी किफिनसारखा. तो नंतर सावरला आणि २०२१ पासून टेक्सास विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक आहे. यूएससीत त्याच्या जागी हंगामी म्हणून पुन्हा हेल्टन. या वेळी मात्र कायम केलं. जानेवारी २०१७ मध्ये त्याने पेन स्टेटला ५२-४९ हरवून रोझ बोल जिंकला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दोन सामन्यांनंतर त्यालाही नारळ. तेव्हाचा हंगामी प्रशिक्षक काही चमत्कार करू शकला नाही. हंगाम ४-८ असा संपला. म्हणजे हंगामी आला की संघ पेटून उठतो, असा काही नियम नाही.

ओर्जरॉन लुइझियाना स्टेटला, म्हणजे एलएसयूला गेला. २०१६ मध्ये तिथला प्रशिक्षक सप्टेंबरच्या शेवटी काढला गेला आणि ओर्जरॉन पुन्हा हंगामी. तिथे कायम झाला. २०१९ च्या हंगामात पंधरापैकी पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता. २०२१ अखेर तिथूनही गेला. त्याच्या जागी आला ब्रायन केली, २०१३ मध्ये आम्हाला १४-१० ने हरवणारा नोत्र दामचा प्रशिक्षक. केलीला ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलं. आणि नोव्हेंबरअखेर एलएसयूने त्या खुर्चीवर कोणाला आणलं?

लेन किफिनला. ओल मिसमधून. ओर्जरॉनची पाटी जिथे डागाळली होती त्याच ओल मिसमधून.

एकच सामना बघायचा तर कोणता?

स्टॅनफर्डचा. सगळा बघायला वेळ नसेल तर शेवटची पाच मिनिटं. क्रेव्हन्सच्या झेपेपासून सुरुवात करा, चौथ्या प्रयत्नाच्या वेळी केस्लरकडे न बघता लीकडे बघा, त्याची चाल बघा. किकनंतर माणसं मैदानात घुसतात तिथे गर्दीत आम्ही दोघं आहोत. नागपूरकर म्हणतो, तो एका पायावर उड्या मारताना एकदा दिसतो. मला अजून सापडलेला नाही.